आपल्या वावरातले काळवीट
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



"सध्या काय करतेस?" असं सकाळपासून सगळे विचारताहेत. पोटासाठी सॉफ्टवेअर आणि सुट्टीत जंगल, हे माझं उत्तर. ताडोबा, पेंच, मेळघाट फिरून झाले. आमचा छोटा गट आहे. अस्वल दिसो की रानकुत्री. तारीख, वेळ, ठिकाण आणि संख्या लिहून एकमेकांना कळवायची, हा आमचा शिरस्ता.

मी वाशीम जिल्ह्यातली म्हटलं, की गटातले विचारतात, "तिकडे काय बघायचं?" मी सांगते, कारंजा-सोहोळ. सन २००० मध्ये जाहीर झालेलं हे अभयारण्य जेमतेम १८ चौरस किलोमीटरचं, पण खास काळविटांचं. नराची पाठ काळी, पोट पांढरं, शिंगं पिळदार. मादी फिकट तपकिरी आणि बहुधा बिनशिंगी. दुरून धोका ओळखायचा आणि पळत सुटायचं, ही यांची रीत. म्हणून त्यांना दाट झाडी नको, मोकळा गवताळ माळ हवा. आपण ज्याला 'पडीक' म्हणून मोकळे होतो, तेच त्यांचं घर.

पण १८ चौरस किलोमीटरची हद्द कळपाला कुठे ठाऊक? तो सोयाबीनमध्ये येतो, हरभऱ्यात येतो. सोबत रोही आणि रानडुकरं असतातच. मागे मी काळविटांचे फोटो दाखवले, तेव्हा आपल्यातलाच एक शेतकरी मित्र म्हणाला, "तुझ्या कॅमेऱ्यात जे येतं, ते माझ्या हरभऱ्यात येतं." मी हौसेनं एक पहाट जागते. तो अख्खा हंगाम जागलीला जातो.

ते वाक्य मनात राहिलं. आता शिवारातली नोंद करताना आम्ही आणखी दोन गोष्टी लिहितो : पीक कोणतं होतं आणि नुकसान झालं का. तारखेसह काढलेले फोटो त्या शेतकऱ्याला देतो. भरपाईसाठी मुदतीत अर्ज करताना आणि पंचनाम्याच्या वेळी ते कामी येतात. आणि खरं सांगू? कळप कोणत्या धुऱ्यावरून येतो, लांडगा कोणता नाला ओलांडतो, हे जागलीवाल्याइतकं आम्हा कॅमेरेवाल्यांना कधीच कळत नाही.

एक पथ्य मात्र पाळायचं. २०१९ मध्ये टिपेश्वरचा एक तरुण वाघ निघाला आणि भटकत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. गळ्यात रेडिओ कॉलर होती, म्हणून कळलं की नऊ महिन्यांत तो सुमारे ३,००० किलोमीटर चालला. एवढ्या वाटेत माणसाला इजा झाल्याची एकच घटना घडली, तीही तो विसावला होता त्या झुडपात माणसं शिरली तेव्हा. म्हणून प्राणी दिसल्याचं जरूर सांगा, पण तो आता नेमका कुठे बसलाय, हे गावभर करू नका. वनविभागाला तेवढं कळवा.

आपल्या वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेच. सुप्रभातच्या फुलांसोबत शिवारातल्या नोंदीही येऊ द्या. काय दिसलं तेही लिहा, काय गेलं तेही लिहा. वर्गातले शहरातले आणि गावातले त्या निमित्ताने एकाच गोष्टीवर बोलू लागतील. काळविटांनी एवढं जमवलं तरी पुष्कळ झालं.