बकासुराला गाडा कोण पाठवतं?

स्वागताध्यक्ष, मंचावरची मंडळी, समोर खुर्च्यांवर बसलेले शिक्षक-पालक आणि सगळ्यात मागे सतरंजीवर बसवलेली मुलं. संमेलन बालसाहित्याचं आणि मुलं शेवटच्या रांगेत, हे कसं, ते संयोजकांना विचारा. मला आज दुसरं भांडण करायचं आहे.

मघाशी स्वागताध्यक्ष म्हणाले, ‘मुलांना स्वप्नं द्या, दुःस्वप्नं नकोत.’ टाळ्या मिळाल्या. वाक्य गोड आहे. मला ते मान्य नाही. अध्यक्षाला शेवटी बोलायला देतात, त्याचा फायदा घेऊन सांगते.

गेल्या वर्षी एका आईनं मला रस्त्यात गाठलं. मुलगी सातवीत. ‘बाई, ही कसलीतरी काळी पुस्तकं वाचते. सगळं जग बिघडलेलं, सरकार दुष्ट, पोरं पळतायत. डिस्टोपियन की काय म्हणतात.’ मी विचारलं, ‘झोपेत दचकते का?’ ‘नाही हो. पण प्रश्न फार विचारायला लागलीय. परवा बाबांना विचारलं, या घरातले नियम कोणी केले?’

म्हणजे तक्रार भीतीची नव्हतीच.

या शब्दाला मराठीत कोणी ‘दुःस्वप्नलोक’ म्हणतं, कोणी आणखी काही. मुलं सरळ डिस्टोपिया म्हणतात, मीही तेच म्हणेन. टॉमस मोरनं 1516 साली ‘युटोपिया’ लिहिला. पुढे 1868 मध्ये जॉन स्टुअर्ट मिलनं ब्रिटिश पार्लमेंटात आयर्लंडवरून सरकारला झोडपताना त्याच्या उलटा शब्द वापरला. शब्दाची ही गोष्ट मला आवडते. तो एका भांडणात वापरला गेला.

त्या सातवीतल्या मुलीच्या दप्तरात होतं ‘द गिव्हर’. अमेरिकेतल्या लोइस लॉरी यांची 1993 ची कादंबरी, पुढच्याच वर्षी तिला न्यूबेरी पदक मिळालं. तिकडेही ती शाळांतून काढा म्हणून वर्षानुवर्षं ओरड झाली. जोनास नावाचा मुलगा बारा वर्षांचा होतो, तिथली ही गोष्ट. त्याच्या वस्तीत भूक नाही, भांडण नाही, बर्फ नाही, रंगसुद्धा नाहीत. नऊ वर्षांची झाली की सगळ्यांना सायकल, बारा वर्षांची झाली की ज्याला त्याला काम नेमून. सकाळी प्रत्येकानं रात्रीचं स्वप्न घरच्यांना सांगायचं. चुकलं तर ठरलेल्या शब्दांत माफी. म्हातारी, नकोशी, न बसणारी माणसं ‘मुक्त’ केली जातात. कुठे जातात, कोणी विचारत नाही.

जोनासचे वडील तान्ह्या बाळांची देखभाल करतात. फार प्रेमळ माणूस. अगदी सारखी दिसणारी जुळी जन्मली की त्यातलं कमी वजनाचं बाळ त्यांनी ‘मुक्त’ करायचं, असा नियम. ते कसं करतात, हे जोनास एकदा चित्रीकरणात पाहतो. वडील बाळाशी लाडे लाडे बोलत त्याच्या कपाळावरच्या शिरेत सुई टोचतात, ते खोक्यात ठेवतात, खोकं भिंतीतल्या वाटेनं खाली सोडतात आणि हात हलवून टाटा करतात.

मी हे पान साठीला वाचलं आणि पुस्तक मिटून ओट्यापाशी जाऊन उभी राहिले. या पानावर राक्षस नाही. नेमून दिलेलं काम चोख करणारा, पोरांवर माया करणारा बाप आहे. मुलं या पुस्तकाला घाबरत नाहीत, घाबरतो आपण, कारण त्यात आपला फोटो आहे. रांगा सरळ ठेवणारे, ‘वरून आलंय’ म्हणून सही करणारे आपण.

आणि अंधार मुलांना झेपत नाही, हे आपण कोणाला सांगतोय? श्रावणात चिलया बाळाची कथा सांगताना चांगुणेच्या उखळापाशी आल्यावर आपण थांबतो का? आईच्या हातानं पोराचं डोकं कांडलं जातं आणि आपण ते सहा वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन सांगतो. प्रल्हाद तर शंडामर्कांच्या शाळेतला विद्यार्थी. राज्यात एक नाव घ्यायला बंदी, शिक्षक सरकारचे, सरकार म्हणजे बाप. अमेरिकन लेखकानं हे लिहिलं असतं तर आपण पुस्तकावर ‘वय वर्षे सोळा’ छापलं असतं.

बकासुर घ्या. आपण गोष्ट भीमानं गाडाभर भात खाल्ला इथे रंगवतो, पोरं हसतात, संपलं. महाभारतात त्याआधी जे आहे ते आपण गाळतो. एकचक्रेत घरटी क्रम लागलेला असतो. ज्याचा दिवस त्यानं गाडाभर अन्न, दोन रेडे आणि एक माणूस पाठवायचा. ज्या घरी पांडव उतरलेत तिथला क्रम येतो आणि घरात वाद सुरू होतो, मी जातो, मी जाते. तो ब्राह्मण कुंतीला सांगतो की इथल्या राजाला राज्य करता येत नाही, म्हणून आमच्यावर ही पाळी. थोडक्यात, राक्षस एकच, पण गाडा मात्र सगळं गाव मिळून भरतं. आणि त्या रडारडीत घरातलं बोबडं बोलणारं पोर गवताची काडी उचलून म्हणतं, मी यानं मारतो त्याला. ही काडी आपल्या किती ‘बालमहाभारतां’त आहे? मी घरातली सात काढून पाहिली. दोनांत.

सुझन कॉलिन्स यांच्या ‘द हंगर गेम्स’मध्ये, 2008 साली, हेच आहे. त्यांनी स्वतः मिनोटॉरच्या ग्रीक कथेचं ऋण सांगितलंय. तिकडे अथेन्सचे सात मुलगे नि सात मुली, इकडे बारा जिल्ह्यांतून सोडतीनं निवडलेला प्रत्येकी एक मुलगा, एक मुलगी. मी हे पुस्तक सहावीला देणार नाही, हेही सांगून टाकते. पोरांनी पोरांना मारण्याची वर्णनं त्यात आहेत, आठवीला ठीक. पण त्यातली एक गोष्ट मी एका तालुक्याच्या गावी, जिल्हा परिषदेच्या शाळेत, सातवीच्या वर्गाला तोंडी सांगितली.

सोडतीत बाराव्या वर्षी तुमची एक चिठ्ठी, दर वर्षी एक वाढते. पण घरात धान्य नसेल तर जास्तीची चिठ्ठी टाकून एका माणसाचं वर्षभराचं धान्य नि तेल घेता येतं. नायिका कॅटनिसच्या घरी तीन माणसं. आता ती सोळा वर्षांची आहे. तिच्या चिठ्ठ्या किती?

वर्ग पाटीवर वाकला. दर वर्षी एक आणि तीन, चार. बारा ते सोळा, पाच वर्षं. वीस! मग मागच्या बाकावरचा एक मुलगा, ज्याच्याबद्दल शिक्षकांनी ‘याला काही येत नाही’ असं त्याच्यासमोरच सांगितलं होतं, तो उभा राहिला. ‘बाई, म्हणजे चिठ्ठी नशिबाची नाहीच. ज्याला रेशन लागतं त्याचंच नाव निघणार.’ हीच गोष्ट मी पुण्यात एका सोसायटीच्या वाचन मंडळात सांगितली, तेव्हा वीसचं उत्तर लगेच आलं, रेशनचं वाक्य आलं नाही. म्हणजे ‘हे आपल्या मुलांचं नाही, परदेशी फॅड आहे’ हा आक्षेपही मी परत करते. हे त्यांना कळतं. आजची सातवीतली मुलं 2020 च्या मार्चमध्ये पहिलीच्या आगेमागे होती. कुलूप लावलेली शाळा, दारात पोलिसांची शिट्टी, तीन भावंडांत एक मोबाइल हे त्यांनी पाहिलंय. त्यांना आपण काय देतो? आंबे आणि मामाचा गाव.

सहावी ते आठवी हे वय विचित्र असतं. नियम पावसासारखे आभाळातून पडत नाहीत, कोणीतरी बसून लिहितं, हे त्याच वयात पहिल्यांदा कळतं. त्याच वेळी आपण त्यांच्या हातात अशी गोष्ट ठेवतो जिच्यात नियम मोडणारा मुलगा शेवटी विहिरीत पडतो.

लेखक मित्रांनो, सुटलो असं समजू नका. ‘काहीतरी डार्क लिहितोय’ म्हणून माझ्याकडे येणाऱ्या हस्तलिखितांत मुंबई बुडालेली असते, आकाश राखाडी, यंत्रमानव लाल डोळ्यांचे. आणि राज्य कसं चालतं, तर पत्ता नाही. पाणी कोण वाटतं? रांगेत पहिलं कोण? नियम मोडला तर चहाडी कोण करतं, त्याला काय मिळतं? जीन डुप्राउ यांच्या ‘सिटी ऑफ एम्बर’मध्ये पोरांना शहर बुडवून दाखवलेलं नाही. गोदामातले बल्ब संपत आलेत, एवढंच. दिवे मधेच जातात, परत येतात. बारा वर्षांची दोन मुलं बाहेरची वाट शोधायला लागतात आणि कादंबरी चालू पडते. आपल्याकडे जयंत नारळीकरांनी ‘वामन परत न आला’मध्ये यंत्राच्या बुद्धीची भीती लाल डोळ्यांशिवाय उभी केली. त्या वाटेनं पुढे किती जण गेले?

आता संयोजकांशी. तुमच्या कथास्पर्धेची मी पाच वर्षं परीक्षक आहे. अर्जावर एक रकाना असतो, ‘कथेतून मिळणारा बोध’. यंदा आठवीतल्या एका मुलीनं गोष्ट पाठवली होती. गावात एक यंत्र बसतं. रडलेल्या माणसाचं पाणी बंद. तिची आजी वारते आणि सगळं घर दात-ओठ आवळून बसतं. शेवटी ती मुलगी हंडा उपडा ठेवते आणि रडते. गोष्ट संपली. पाणी आलं का, नाही सांगितलं. बोधाच्या रकान्यात तिनं आडवी रेघ मारली होती. छाननी समितीनं ‘अर्ज अपूर्ण’ म्हणून ती गोष्ट बाजूला काढली. मला ती रद्दीच्या गठ्ठ्यात, चहाच्या कपाखाली सापडली.

ती मुलगी आज इथे आली आहे, मागे सतरंजीवर. तिचं नाव मी घेणार नाही. तिची गोष्ट मात्र आज दुपारच्या सत्रात वाचली जाईल, कार्यक्रमपत्रिकेत छापलेली नसली तरी. आणि पुढच्या वर्षीचा अर्ज छापखान्यात जाण्याआधी मला दाखवा. तो रकाना त्यात दिसला, तर परीक्षकांच्या यादीतून माझं नाव खोडा.