मनाचे दुखणे आणि दूरध्वनीवरचा आधार
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत कर्जत येथे दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी बोलण्याची संधी दिल्याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. आजचा माझा विषय घरोघरी असूनही चारचौघांत क्वचितच निघतो. मनावरचा ताण, आप्तवियोगाचे दुःख, आयुष्याला येणारी मोठी वळणे, आणि अशा वेळी दूरध्वनीवरून किंवा इंटरनेटच्या माध्यमातून मिळणारे समुपदेशन, असा तो विषय आहे.

आपला तालुका पर्जन्यछायेतला. कुकडीच्या आवर्तनाची वाट पाहणारा शेतकरी आणि त्याच्या पिकावर उधारी सोडून बसलेला व्यापारी एकाच आभाळाकडे डोळे लावून असतात. १९७२ चा दुष्काळ वडीलधाऱ्यांच्या स्मरणात आहे. २०१८-१९ मधील चारा छावण्या तर तरुणांनीही पाहिल्या. पाऊस चुकला की शेतातली चिंता पेढीवर येते आणि पेढीवरची रात्री माजघरात पोहोचते. हात मोडला तर गाव विचारपूस करते. झोप उडाली, अन्न नकोसे झाले, जगण्यातला रस आटला, तर मात्र माणूस ते लपवतो.

दुःख वाटून घेण्याची आपली एक जुनी व्यवस्था होती. घरात मृत्यू झाला की उठावण्याला समाज जमे, शेजारी डबा पाठवत, वडीलधाऱ्या स्त्रिया नुसत्या शेजारी बसून राहत. ती औपचारिकता नव्हती, तो उपचारच होता. २०२० व २०२१ च्या महामारीत ही साखळी तुटली. अनेकांना अखेरचे दर्शनही झाले नाही आणि सांत्वनाला कोणी येऊ शकले नाही. आज भेटीगाठी पुन्हा सुरू झाल्या आहेत. पण मुले पुण्याला किंवा परदेशी, आणि वाड्यात दोन वृद्ध, अशी घरे वाढत आहेत. त्यांतील एक गेला की दिवसकार्यानंतर माणसांची वर्दळ थांबते, आणि खरा एकाकीपणा तेव्हाच सुरू होतो.

येथे एक भेद ध्यानी घ्यावा. शोक हा आजार नव्हे. आपल्या शास्त्रकारांनीही आर्तध्यानाच्या प्रकारांत इष्टवियोगाची गणना केली आहे. प्रियजनाच्या वियोगात मन अडकून पडते, ही गोष्ट त्यांना ठाऊक होती. बहुतेकांचा शोक काळाबरोबर सौम्य होतो. परंतु सहा महिने उलटूनही दुःखाची तीव्रता कमी होत नाही आणि रोजचे व्यवहार अडतात, तेव्हा त्यास दीर्घकालीन शोकविकार मानावे, अशी नोंद जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात आहे. अशा माणसाला ‘मन घट्ट करा’ एवढे सांगून भागत नाही.

मग तज्ज्ञांकडे का जात नाहीत? जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन येण्यात दिवस मोडतो, खर्च होतो. त्याहून मोठी अडचण म्हणजे लोक काय म्हणतील ही भीती. एस.टी. स्टँडवर कोणी विचारले, ‘कुठे निघालात?’ तर काय सांगावे? घरात लग्नाची मुलगी असेल तर ओठ अधिकच मिटतात. लहान गावात सारे सर्वांना ओळखतात. हे आपले बळ आहे आणि अशा वेळी हीच आपली अडचण होते. म्हणूनच दूरच्या, अनोळखी माणसाशी बोलणे पुष्कळदा सोपे जाते.

ही कल्पना नवी नाही. लंडनमध्ये १९५३ साली चॅड व्हाराह या धर्मोपदेशकाने निराश माणसांसाठी दूरध्वनी सेवा आरंभली, तीतून ‘समॅरिटन्स’ ही संस्था उभी राहिली. आपल्याकडे १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ स्थापून मराठी समाजाला मनाविषयी बोलते केले. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने २०१२ मध्ये ‘आयकॉल’ सेवा सुरू केली. राज्य शासनाने २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी ‘प्रेरणा’ प्रकल्प हाती घेतला. त्या १४ जिल्ह्यांत आपला जिल्हा नव्हता.

१० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र शासनाने ‘टेलि-मानस’ सुरू केले आणि जिल्ह्यांची ही सीमा उरली नाही. १४४१६ हा क्रमांक कोणत्याही साध्या फोनवरून फिरवावा. सेवा निःशुल्क असून चोवीस तास चालते. मराठीत बोलता येते. प्रथम प्रशिक्षित समुपदेशक बोलतात, गरज भासल्यास पुढे मनोविकारतज्ज्ञांकडे जोडून देतात. बंगळूरची ‘निम्हान्स’ ही या कार्याची मध्यवर्ती संस्था आहे.

‘नुसत्या बोलण्याने काय होणार?’ असे कोणी विचारील. गोव्यातील ‘संगाथ’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्यग्रस्तांसाठी एक प्रयोग केला. समुपदेशक डॉक्टर नव्हते. प्रशिक्षण दिलेल्या सामान्य व्यक्ती होत्या. त्यांनी रुग्णांना पुन्हा छोट्या छोट्या कामांत गुंतवले. केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा या रुग्णांत अधिक सुधारणा आढळली, असे ‘लॅन्सेट’ने २०१७ मध्ये प्रसिद्ध केले. त्या भेटी समोरासमोरच्या होत्या, हे खरे; तरीही शिकून-समजून ऐकण्यात सामर्थ्य असते, एवढे त्यातून निश्चित कळते.

मात्र मर्यादाही जाणल्या पाहिजेत. भास होणारा, भान हरपलेला किंवा जिवाचे बरेवाईट करून घेण्याच्या बेतात असलेला माणूस फोनच्या भरवशावर एकटा सोडू नये; त्याच्याजवळ बसावे आणि त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे. पैसे घेऊन इंटरनेटवर सल्ला देणारे सारेच शिकलेले नसतात. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, समुपदेशकाचे शिक्षण निःसंकोच विचारावे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, हेही लक्षात असू द्यावे.

पण गोपनीयता कायद्यात असून पुरत नाही, ती घरातही असावी लागते. दोन खोल्यांच्या घरात सुनेने सासूसमोर, बापाने मुलासमोर मन कसे मोकळे करावे? फोन आहे, क्रमांक आहे, पलीकडे ऐकणारा आहे. नाही ती केवळ दार लावून बसता येईल अशी जागा.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे एक नम्र सूचना ठेवतो. संस्थेच्या वास्तूतील एक खोली दररोज दोन तास या कामासाठी राखावी. तेथे दोन खुर्च्या, पाण्याचा तांब्या, एक फोन आणि आतून कडी असलेले दार असावे. येणाऱ्याचे नाव नोंदवहीत लिहू नये, जात-धर्म विचारू नये. एखाद्या वृद्धाला क्रमांक लावता येत नसेल तर स्वयंसेवकाने तो लावून द्यावा आणि बाहेर येऊन दार ओढून घ्यावे. ही खोली वाचनालयाशेजारी किंवा कार्यालयाच्या वाटेवर असावी, म्हणजे येणारा नेमका कशासाठी आला हे कोणास कळणार नाही.

यास मोठा निधी लागणार नाही, उद्घाटनाची कोनशिलाही नको. पूर्वजांनी वाटसरूंसाठी धर्मशाळा बांधल्या, पाणपोया घातल्या. तहानलेल्याला त्याची तहान सिद्ध करावी लागली नाही. मनाने थकलेल्या माणसासाठीही असे एक ठिकाण या गावात असावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.