गाडीचा फोटो आणि दुकानाचा कॅमेरा



व्याख्यानमालेच्या पत्रकात आमचा विषय छापून आला तेव्हा पहिला हशा आमच्याच युनियनच्या कचेरीत झाला. बोनस आणि किमान वेतन यांपलीकडे ज्याची जीभ वळत नाही, तो माणूस कॅमेऱ्यावर काय बोलणार, असे आमच्या सहकाऱ्यांना वाटले. त्यांचे काही चुकले नाही. आम्ही छायाचित्रकार नव्हे. शाळा सातवीला सुटली. पुढचे शिक्षण रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीत, मिळेल ते वाचून झाले. कॅमेऱ्याचे शिक्षणही असेच अडल्यामुळे झाले. ते कसे झाले, तेवढेच आज सांगावयाचे आहे.

२०२४ च्या दिवाळीआधी चिंचवडच्या बाजूची तीन पोरे कचेरीत आली. हमरस्त्यावर सेकंडहँड गाड्या विकण्याचे एक मोठे दुकान आहे, तेथे ती कामाला. दुकानाचे नाव सांगण्याचे कारण नाही. आलेली गाडी धुवायची, पुसायची, बाहेरून आतून वीस फोटो काढायचे, भोवती फिरून दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्यायचा आणि सगळे जाहिरातीसाठी पाठवायचे, हे त्यांचे काम. दिवसाला आठ-दहा गाड्या. फोन ज्याचा त्याचा, डेटाही ज्याचा त्याचा. साताऱ्याहून एक गिऱ्हाईक जाहिरात पाहून आले, तेव्हा मागच्या दारावर हाताएवढा डेंट निघाला. फोटोत तो नव्हता. गिऱ्हाईक चिडून परत गेले आणि शेठनी फोटो काढणाऱ्या पोराच्या पगारातून दीड हजार कापले. म्हणाले, "फोन तुझा, फोटो तुझा, मग चूकही तुझीच."

पोराने डेंट लपविला नव्हता. त्याने दाराचा फोटो काढला होता, आणि तो आम्ही पाहिला. दार गुळगुळीत दिसत होते! पोराने आम्हांला विचारले, "काका, शेठला कोणता कॅमेरा घ्यायला सांगू?"

पगारकपातीचे उत्तर आम्हांला ठाऊक होते. नुकसानीपोटी पगार कापण्याआधी कामगाराला आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. १९३६ च्या वेतन कायद्यात ते होते, २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. कॅमेऱ्याचे उत्तर मात्र ठाऊक नव्हते. मालकाकडे मागणी न्यावयाची तर ती बिनचूक हवी, नाहीतर पहिल्याच बैठकीत हसे होते. म्हणून आम्ही अभ्यासाला लागलो.

दुकानात जाऊन 'चांगला कॅमेरा दाखवा' म्हटले की विक्रेता मेगापिक्सेल सांगू लागतो. त्याच्या नादी लागू नये. फुल एचडी पडदा म्हणजे १९२० गुणिले १०८०, सुमारे वीस लाख ठिपके. बहुतेक गिऱ्हाईक गाडी तळहाताएवढ्या फोनवर पाहते. आजचा कोणताही बरा फोन याच्या कितीतरी पट ठिपके देतो. तेव्हा फोनचा फोटो वाईट असतो म्हणून कॅमेरा घ्या, असे आम्ही म्हणणार नाही. ते खरे नाही.

फोनचा खरा दोष त्याच्या भिंगात आणि आपल्या उभे राहण्यात आहे. फोनचे मुख्य भिंग जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या हिशेबाने साधारण २४ ते २६ मिलिमीटरचे, म्हणजे रुंद पाहणारे असते. चार मीटर लांबीची लहान गाडी बाजूने चौकटीत बसवावयाची तर अशा भिंगाला साडेतीन मीटर पुरतात. पोरे तेवढ्यावरच उभी राहतात, कारण यार्डात गाड्या एकीला एक लागून असतात. एवढ्या जवळून तिरका फोटो काढला की पुढचा बंपर फुगतो आणि डिकी आक्रसते. तीच गाडी ५० मिलिमीटरच्या भिंगाने घ्यावयाची तर सात मीटर मागे जावे लागते. मग तिचा आकार डोळ्याला दिसतो तसा उतरतो. म्हणजे पहिली मागणी कॅमेऱ्याची नव्हेच, जागेची. यार्डात सात मीटर मोकळे ठेवा, गाडी कोठे उभी करावयाची आणि माणसाने कोठे उभे राहावयाचे तेथे ऑइलपेंटने खूण करा. याला खर्च एका डब्याचा. आमच्या सगळ्या मागण्यांत शेठना हीच जड गेली, कारण त्या जागेत दोन गाड्या मावतात.

आता कॅमेरा. सेन्सर लहान घ्यावा की मोठा, यावर लोक भांडणे करतात. मोठा, ज्याला फुल-फ्रेम म्हणतात, तो ३६ गुणिले २४ मिलिमीटरचा. त्याखालचा एपीएस-सी सुमारे साडेतेवीस गुणिले साडेपंधराचा, कॅननचा थोडा आणखी लहान. मोठा सेन्सर काळोखात चांगला आणि पाठीमागचे धूसर करण्यात पटाईत. पण आपली गाडी लग्नातल्या पोरांसारखी पळत नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून हवा तेवढा वेळ प्रकाश घेता येतो. आणि धूसर तर काहीच नको, पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत सगळे स्पष्ट हवे. त्यासाठी भिंगाचे तोंड एफ आठपर्यंत बारीक करतात. एपीएस-सी पुष्कळ झाला. सोबतचे १८ ते ५५ चे साधे भिंग बाहेरच्या कामाला पुरते. त्यावर ३३ च्या आसपास फिरविले की मोठ्या सेन्सरवरच्या ५० सारखे दिसते. कॅनन, निकॉन, सोनी, फुजी, कोणाचाही घ्या. जुना घेतला तरी हरकत नाही. फक्त शटर किती वेळा उघडले तो आकडा विचारा. सेकंडहँड गाडीचे किलोमीटर विचारणाऱ्यांना हे शिकवावे लागू नये.

गाडीच्या आत मात्र आणखी रुंद भिंग लागते, आणि तेथे सांभाळावे लागते. अतिरुंद भिंगाने मागची सीट अशी दिसते, की जणू तीवर पंगत बसेल. कर्ज काढून गाडी घेणारा माणूस बायको, दोन मुले आणि म्हातारी आई यांचा हिशेब त्या फोटोवर करतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात भ्रामक जाहिरातीवर कलमे आहेत. भिंगाच्या रुंदीचा उल्लेख त्यांत नाही, पण फसवणूक भिंगानेही होते.

व्हिडिओबद्दल थोडक्यात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून पुष्कळशा दिव्यांचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. कॅमेरा अमेरिकेच्या ६० हर्ट्झच्या हिशेबाने लावलेला असला की शेडमधल्या दिव्याखाली चित्रात पट्टे सरकू लागतात. सेकंदाला २५ चित्रे आणि शटर एक पन्नासांश ठेवले की ते बहुधा थांबतात. बाहेरचा माइक लावण्यास भोक आहे का ते पाहावे. हमरस्त्यावर ट्रकांच्या आवाजात पोराचा आवाज ऐकू येत नाही. आणि जागेचा हिशेब करावा. सेकंदाला १०० मेगाबिटने फोर-के घेतले तर मिनिटाला ७५० मेगाबाइट होतात. दोन मिनिटांचे दहा व्हिडिओ म्हणजे १५ गिगाबाइट, एका दिवसाचे! फोनवर भार याहून हलका पडेल; पण ज्या फोनवर मुलीचा वाढदिवस आणि आजीचा शेवटचा फोटो आहे, त्यातून पोराने रोज काय पुसावयाचे?

उन्हाचेही आहे. बहुतेक कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत चालण्याची मर्यादा ४० अंश लिहिलेली असते, काही फोनांची तर ३५. आमचा मे महिना त्या पुस्तिका वाचत नाही. फोटो सकाळी काढावेत हे बरे. दुपारी टप चकाकतो आणि दारे काळी पडतात. पांढऱ्या गाडीला कॅमेरा करडी करून टाकतो, तिला प्रकाश एका पायरीने चढवावा. काळी गाडी म्हणजे आरसा. आमच्या पहिल्या प्रयोगात काळ्या दारावर गाडीपेक्षा आमचा तांबडा सदराच ठळक आला होता, आणि पोरांनी तो फोटो अजून जपून ठेवला आहे.

आता त्या डेंटकडे येतो. चकाकी काढण्यासाठी पोलरायझर नावाचा एक फिल्टर भिंगापुढे बसवितात. तो फिरविला की काचेवरचे आणि रंगावरच्या लॅकरवरचे प्रतिबिंब पुष्कळ कमी होते. काचेतून आतले दिसते, रंग खुलतो. प्रकाश मात्र तो दीड-दोन पायऱ्या खातो. आम्हांला वाटले, औषध सापडले. एक फिल्टर उसना आणला आणि डेंटवाल्या दारापुढे धरला. डेंट होता त्याहूनही नाहीसा झाला!

आम्ही गोंधळलो. आमच्या युनियनमध्ये डेंटिंग-पेंटिंगचे एक जुने कारागीर आहेत. ते हसले. त्यांनी हातदिव्याची लांब ट्यूब दाराजवळ धरली आणि म्हणाले, "पत्रा बघू नका, पत्र्यातली ट्यूब बघा." ट्यूबची सरळ रेघ दारावर पडली होती आणि डेंटपाशी ती गांडुळासारखी वळत होती. डेंट आपण पाहतो तो प्रतिबिंबाच्या वाकण्यातून. प्रतिबिंब मारले की डेंट गेला. पोराच्या फोटोत दुपारचे कोरे आकाश दारभर पसरले होते. त्याला रेघच नव्हती, मग वाकणार काय? चाळीस वर्षे पत्रा ठोकलेल्या माणसाला जे ठाऊक होते, ते कॅमेऱ्यावरच्या आम्ही चाळलेल्या एकाही लेखात आम्हांला सापडले नव्हते.

तेव्हा मागणीपत्रात आम्ही फिल्टरही लिहिला आणि ट्यूबही लिहिली. देखण्या फोटोंना फिल्टर; दोषांच्या फोटोंना फिल्टर काढून, ट्यूबची रेघ प्रत्येक दारावर, बॉनेटवर आणि टपावर. कॅमेरा दुकानाचा, कपाट दुकानाचे, नेल्या-आणल्याची वही. आणि गाडी तपासून पास करणाऱ्याची सही दोषांच्या फोटोंवर, फोटो काढणाऱ्याची नव्हे.

शेठ पहिल्या बैठकीत म्हणाले, "डेंट दाखवून गाडी विकायची म्हणता? पलीकडचा तर दाखवत नाही." हा आक्षेप खोटा नव्हता, आणि त्याला आमच्याजवळ पुरते उत्तरही नव्हते. आम्ही एवढेच म्हणालो की साताऱ्याचा माणूस डेंटमुळे गेला नाही, दीडशे मैलांची खेप फुकट घातल्यामुळे गेला. येऊन-जाऊन दीडशे मैल, हे आमचे गणित. त्यांनी ते तपासले नाही हे नशीब.

तिसऱ्या बैठकीनंतर कॅमेरा आला. जुना आहे, एपीएस-सी आहे, चालतो. ट्यूब आली. जागेवर खूण झाली, तिच्यावर अधूनमधून गाडी लावलेली असते आणि पोरे ती ढकलून काढतात. दोषांचे फोटो जाहिरातीत टाकण्याचे शेठनी मान्य केलेले नाही; गिऱ्हाईकाने मागितले तर पाठवितात. सहीची वही सुरू झाली आहे. त्या पोराचे दीड हजार अजून परत मिळालेले नाहीत. त्याबद्दलची बैठक येत्या मंगळवारी सकाळी अकराला आहे, आणि जाताना दाराचे दोन्ही फोटो, दुपारचा आणि ट्यूबचा, मोठे छापून आम्ही बरोबर नेणार आहोत.