एकटीची जागा
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील महिला सभेत केलेले भाषण)



प्रवासाविषयी बोलायचे म्हटले की श्रोत्यांची अपेक्षा काशी-रामेश्वराची, फार तर हिमालयाची असते. सहासष्ट वर्षांची एक आजी लहान मुलांच्या क्रीडानगरीत एकटीच जाऊन आली, हा काही व्याख्यानाचा विषय नव्हे, असेच मलाही वाटत होते. परंतु कार्यवाहांनी आग्रह धरला. शिवाय त्या प्रवासात मला एक गोष्ट उमगली, आणि ती आपल्या मंडळाच्या उपयोगाची आहे, म्हणून आपणासमोर उभी आहे.

२०१९ च्या फेब्रुवारीत मी अमेरिकेत अटलांटा येथे मुलाकडे होते. आमचे हे २०१६ साली गेले. माहेरून सासरी, सासरहून या पोलादाच्या गावी, आणि येथून मुलाच्या सोबतीने अमेरिकेस, असा माझा आजवरचा प्रवास. प्रत्येक वेळी तिकीट दुसऱ्या कोणीतरी काढलेले. हॉटेलच्या खोलीत एकटीने मी एक रात्रही काढली नव्हती. मुलगा आणि सूनबाई दिवसभर कचेरीत, नातू शाळेत. एके दिवशी मी जेवताना सहज म्हणाले, "मी डिस्नेची नगरी पाहून येते. एकटीच."

मुलगा हसला. "आई, तिथे एकटं कुणी जात नाही. सगळे मुलाबाळांना घेऊन जातात."

"मग मी गेले तर कुणी हाकलून देईल का?" मी विचारले. यावर त्याला उत्तर सुचले नाही, आणि माझे जाणे ठरले.

या नगरीची थोडी हकिकत सांगते. वॉल्ट डिस्ने यांनी १९५५ साली कॅलिफोर्नियात पहिली डिस्नेलँड उभारली. भोवतालची जमीन हाती नसल्यामुळे तिच्या कुंपणाला परक्यांची हॉटेले येऊन भिडली. तो धडा ध्यानात ठेवून पुढे फ्लोरिडात, ऑर्लँडो शहराजवळ, निरनिराळ्या कंपन्यांच्या नावांनी सुमारे २७,००० एकर जमीन गुपचूप खरेदी करण्यात आली. वॉल्ट १९६६ साली निवर्तले. धाकट्या भावाचे अपुरे राहिलेले काम थोरले बंधू रॉय यांनी तडीस नेले, १ ऑक्टोबर १९७१ रोजी नगरी खुली झाली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात रॉयही गेले. आज तेथे चार मोठी उद्याने आहेत, आणि मुक्कामासाठी त्यांच्याच आवारात वीसहून अधिक हॉटेले आहेत. एकेका उद्यानाला एकेक दिवस, असे तीन दिवस मी ठरवले होते.

अटलांट्याहून दीड तासाचे विमान. विमानतळावरून हॉटेलात नेणारी बस त्या काळी फुकट असे. ती सोय २०२२ च्या आरंभी बंद झाली. माझे हॉटेल त्यांतले स्वस्तातले, परंतु त्याच्या आवारात इमारतीएवढा उंच यो-यो उभा! खोलीत दोन भले मोठे पलंग, म्हणजे चार माणसांची सोय. त्या रात्री दाराची कडी मी तीनदा तपासली. सूनबाईने दिलेली दशमी आणि मेतकूट पुढ्यात घेऊन बसले, पण घास उतरेना. मुलाला फोन करून "मला न्यायला ये" असे सांगावे, इथपर्यंत मनाची तयारी झाली होती. फोन केला नाही, तो धैर्याने नव्हे, तर केवळ लाजेने, हे प्रामाणिकपणे सांगते.

दुसऱ्या दिवशी 'मॅजिक किंग्डम' पाहिले. तेथील व्यवस्था पाहून कारखान्याच्या गावात आयुष्य काढलेल्या माणसाला कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. आपण ज्या रस्त्यावरून चालतो, तो वस्तुतः वरचा मजला असतो. फ्लोरिडात थोडे खणले की पाणी लागते; म्हणून नोकरवर्गाच्या जाण्यायेण्याचे बोगदे जमिनीच्या पातळीवरच बांधले, शेजारचे तळे खोदताना निघालेली माती भोवती भरली, आणि त्यावर ही नगरी वसवली. कचरासुद्धा हवेच्या ओढीने मोठ्या नळांतून दूर वाहून नेला जातो. प्रत्येक बारीकसारीक गोष्टीचा कोणीतरी आधी विचार करून ठेवलेला.

दुपारी मात्र मी हिरमुसले. जेवणाचे तबक घेऊन चार खुर्च्यांच्या एका मेजाशी बसले होते. एक गृहस्थ आले आणि "ही खुर्ची रिकामी आहे ना?" असे विचारून एक खुर्ची घेऊन गेले. मग एक बाई आल्या. मग एक मुलगा आला. सगळेच सभ्य, सगळे हसून विचारणारे. पाच मिनिटांत त्या मेजाशी माझी एकच खुर्ची उरली. कोणी माझा अपमान केला नव्हता. तरीही तो घास गिळताना मला जड गेला.

तिसऱ्या दिवशी 'एपकॉट' नावाच्या उद्यानात गेले. हे १९८२ साली सुरू झाले. तेथे 'टेस्ट ट्रॅक' नावाची मोटारगाडीची फेरी आहे. गाडीत तीन-तीन माणसांच्या दोन ओळी, आणि शेवटी उघड्या मार्गावर ताशी सुमारे १०० किलोमीटरचा वेग. मी फलक वाचत उभी राहिले, तेव्हा तेथील एका मुलीने मला निराळी रांग दाखवली. ती एकट्याने आलेल्यांची रांग होती. तिचा हिशेब अगदी साधा. पाच जणांचे कुटुंब आले की सहाव्या जागेवर कोणाला तरी बसवायचे. त्यासाठी एकट्या माणसाची गरज लागते. मी एका कुटुंबाची सहावी झाले. शेजारच्या सात-आठ वर्षांच्या मुलाने विचारले, "भीती वाटते का?" मी म्हणाले, "पुष्कळ." तो म्हणाला, "मलाही." गाडी सुटली तेव्हा आम्ही दोघेही सारख्याच आवाजात ओरडलो.

आदल्या दिवशी माझ्याजवळच्या रिकाम्या खुर्च्या लोकांनी उचलून नेल्या होत्या. आज लोकांजवळच्या रिकाम्या जागेवर कोणीतरी मला नेऊन बसवले. मी तीच होते, आणि भोवतीची कुटुंबेही तशीच होती. फरक एवढाच, की येथे एकटे माणूस येणार, हे कोणीतरी आधीच गृहीत धरले होते.

त्या संध्याकाळी तळ्याभोवती वसवलेले अकरा देशांचे देखावे पाहत सुमारे दोन किलोमीटर चालले. भारत त्यांत नाही. तेथे काम करणारी मुलेमुली पुष्कळशी त्या त्या देशांतून आलेली असतात, आणि प्रत्येकाच्या छातीवरील बिल्ल्यावर नाव आणि त्याखाली गाव लिहिलेले असते. आपण मराठी माणसे परमुलखात भेटलो की पहिला प्रश्न "गाव कुठलं?" हाच ना! मी नॉर्वेच्या एका मुलीला तिचे गाव वाचून तेच विचारले. घरापासून दूर राहण्याचे तिचे पहिलेच वर्ष होते. दहा मिनिटे आम्ही बोलत उभ्या होतो. त्या रात्री दाराची कडी मी एकदाच तपासली.

शेवटच्या दिवशी प्राण्यांच्या उद्यानात 'आनंदपूर' नावाचे एक कल्पित आशियाई राज्य आणि त्यातले वाघ पाहिले. एव्हरेस्टवरून घसरणारी गाडी मात्र खालूनच पाहिली. धैर्यालाही वयाची मर्यादा असते.

आता मुद्द्याचे बोलते. १९७६ साली लग्न होऊन मी या गावी आले, तेव्हा मंडळ नुकतेच स्थापन झाले होते. कारखान्यात नोकरीस आलेली कितीतरी एकटी मुले गणपतीच्या पंगतीला येत, आणि आपल्या संस्थापक भगिनी न विचारता चार पाने जास्त मांडीत. माणसे एकटी येणार, हे त्यांनी धरलेलेच असे. आज ती मुले आजोबा झाली आहेत. त्यांची मुले पुण्याला, बंगळूरला, अमेरिकेला गेली. कित्येक घरांत आता एकच माणूस उरले आहे. आणि आपल्या निमंत्रणपत्रिकेवर आपण काय छापतो? "सहकुटुंब, सहपरिवार यावे."

हे गेल्यानंतर तीन वर्षे ती पत्रिका माझ्या दारी येत असे. मी ती वाचून खणात ठेवी. कोणी मला येऊ नको म्हटले नव्हते. पण माझ्याजवळ ना कुटुंब होते, ना परिवार. अमेरिकेहून परतल्यावर त्या वर्षीच्या गणेशोत्सवात मी एकटी आले, आणि तेव्हापासून येत आहे.

म्हणून माझी दोन मागणी आहेत. पुढील वर्षापासून पत्रिकेत आणखी एक ओळ छापावी: "एकटे असाल, तरी अवश्य यावे." आणि सहलीची बस ठरवताना, पंगत मांडताना, अशा माणसांच्या जागा आधीच मोजून, त्यांना कोणाच्या शेजारी बसवायचे तेही ठरवावे. माझ्यासारख्या भगिनींना एवढेच सांगते, की जागा ठेवणे हे मंडळाचे काम. पण रांगेत जाऊन उभे राहणे हे आपलेच आहे. तेवढे पाऊल आपण उचलावे.