पणजीच्या पेटीत काय होते?

ब्रह्मदेशाचा थिबा राजा रत्नागिरीस १९१६ साली निवर्तला, हे आमच्या मुलांस मुखोद्गत आहे. परंतु आम्हांपैकी पुष्कळांची घराणी गोव्याकडील. पणजी तेथून येथे का आली, हे पुसता तीच मुले निरुत्तर होतात. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत दिनांक, मातापिता, धर्मपिता व धर्ममाता इतकेच मिळते. आगबोट दूर नांगरली असता पणजी पडावात काय घेऊन उतरली, हे आजीच जाणते. आणि अशा आज्या विरळ होत चालल्या.

आमच्या पाहण्यातील एका मुलीने 'आजी, घराण्याचा इतिहास सांग' म्हटले. आजी नुसती हसली. 'पणजीच्या पेटीत काय होते गे?' असे पुसताच मात्र ती बोलू लागली : दोन लुगडी, एक जपमाळ आणि परतीचे भाडे. ते भाडे पणजीने शेवटपर्यंत का जपले, हे मुलीने अद्याप विचारावयाचे आहे.