जुने दप्तर युनिकोडमध्ये आणताना

कार्यालयांतील पुष्कळ जुना मराठी मजकूर निरनिराळ्या फॉन्टच्या खाजगी संकेतांत साठविलेला आहे. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर ग्रामसभेचा ठरावही निरर्थक रोमन अक्षरांत उमटतो. रूपांतराची आज्ञावली असा मजकूर युनिकोडमध्ये आणते. जुन्या फॉन्टांत 'कि'ची वेलांटी व्यंजनाआधी, तर युनिकोडमध्ये व्यंजनानंतर साठविली जाते. हा बदल नियमाने साधतो. खरी परीक्षा आपल्या मराठी 'ऱ्या'ची! 'आचार्यांना' म्हणजे गुरुजनांना, 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक्यांना. सत्काराच्या ठरावात ही चूक हसण्यावारी जाईल. परंतु जमिनीच्या नोंदीत 'गोऱ्हे' हे आडनाव 'गोर्हे' झाले, तर संगणकावर शोधूनही ती नोंद सापडणार नाही आणि वारसाला हेलपाटे पडतील. यास्तव नावे मूळ कागदाशी अक्षरशः ताडूनच सही करावी. मूळ फाईलही जपून ठेवावी.