जुन्या जीपला नवी ताकद: आधी काय विचारायचं?



आज बचतीचा किंवा शेळीपालनाचा विषय नाही. आज बोलू या जीपच्या इंजिनाबद्दल. कुणी म्हणेल, हा तर गडीमाणसांचा विषय. पण गाडीच्या दुरुस्तीचे पैसे गटाच्या शिलकीतून जातात. बाजाराला, दवाखान्याला त्याच गाडीत मागे आपण बसतो. मग तिच्यात काय बसवायचं हे ठरवताना आपण गप्प का राहायचं?

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरच्या आमच्या वाडीत गटाची एक जुनी एमएम ५४० आहे. नाचणी, भाजी तिच्यातूनच खाली जाते. दोन पावसाळ्यांपासून ती चढाला दम टाकायला लागली. गॅरेजवाले दादा म्हणाले, "ताई, टर्बो बसवून टाका, नाहीतर मोठं इंजिन टाका. गाडी पळायला लागेल." रक्कम मोठी होती. कर्ज काढावं लागलं असतं. म्हणून आम्ही होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. आधी प्रश्न विचारले. तेच आज तुम्हाला सांगतो.

पहिला प्रश्न: होती ती ताकद गेली कुठे?

एमएम ५४० ला प्यूजो बनावटीचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन असायचं. ताकद ६२ अश्वशक्तीच्या आसपास. आजच्या गाड्यांपुढे हे कमीच. पण याच ताकदीवर या जीपगाड्यांनी वर्षानुवर्षं घाट चढले. मग आताच काय झालं? बहुतेक वेळा इंजिन लहान नसतं, थकलेलं असतं.

ते ओळखायला धूर बघा. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. एअर फिल्टर तुंबलेला असेल, नाहीतर नोझल किंवा डिझेल पंप बिघडलेला असेल. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय; रिंगा, लायनर झिजले असतील. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर डिझेल नीट जळत नाही, किंवा पाणी आत जातंय. मग गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन मोजून घ्या आणि आकडे कागदावर लिहून मागा. चारही सिलिंडरचे आकडे जवळपास सारखे हवेत. एखादा फारच कमी निघाला, तर दुखणं तिथे आहे.

आमच्या गाडीत एअर फिल्टर धुळीनं भरलेला होता, दोन नोझल गळत होते आणि मागच्या एका चाकाचा ब्रेक सुटतच नव्हता. म्हणजे इंजिन गाडी ओढत होतं आणि ब्रेक तिला धरून ठेवत होता! अशा गाडीला टर्बो लावून काय होणार?

दुसरा प्रश्न: वाढलेली ताकद पेलणार कोण?

टर्बो म्हणजे चुलीची फुंकणी समजा. सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूच्या जोरावर एक पंखा फिरतो आणि इंजिनात जास्त हवा कोंबतो. हवा जास्त, म्हणून डिझेलही जास्त जाळता येतं. फुंकणीनं जाळ वाढतो, पण भांडंही जास्त तापतं. ज्या इंजिनाला कारखान्यातच टर्बो असतो, त्याचे पिस्टन आणि थंड ठेवण्याची सोय त्या हिशेबानं केलेली असते. जुन्या इंजिनाला वरून टर्बो जोडला तर हेड गॅस्केट, पिस्टन, रेडिएटर यांच्यावर ताण येतो. शिवाय टर्बोला ऑइल स्वच्छ लागतं आणि वेळेवर बदलावं लागतं. घाट चढून आल्यावर लगेच चावी बंद करायची नाही, गाडी थोडा वेळ चालू ठेवायची. गाडी तीन-चार हातांत फिरत असेल तर हे कोण पाळणार, तेही आधी ठरवा.

मोठं इंजिन टाकलं तरी हिशेब तोच. ताकद इंजिनातून चाकापर्यंत जाते ती क्लच प्लेट, गिअर बॉक्स, जॉइंट क्रॉस आणि क्राउन यांच्यामधून. हे सगळं जुन्या ताकदीच्या मापाचं. मोट ओढायला बैल तगडा आणला आणि नाडा जुनाच ठेवला, तर नाडा तुटणार.

तिसरा प्रश्न: उतरताना काय?

मैत्रिणींनो, हा सगळ्यांत मोठा प्रश्न. चढाला इंजिन कमी पडलं तर गाडी थांबते, आपण उतरून चालतो. उताराला ब्रेक कमी पडला तर तेवढी संधी मिळत नाही. या जुन्या जीपना बहुधा चारही चाकांना ड्रमचे ब्रेक असतात. लांब उतारावर सारखे दाबले की ड्रम तापतात आणि पकड कमी होते. ताकद वाढली की लोक वेगही वाढवतात आणि ओझंही. ब्रेक मात्र तेच राहतात. म्हणून आमच्या गटाचा नियम झाला: पहिला पैसा ब्रेकला, मग टायर आणि स्टेअरिंगला, उरला तर इंजिनाला. आणि डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरायचं नाही. ज्या गिअरमध्ये चढ चढतो, त्याच गिअरमध्ये उतरायचं.

एक आणखी. फोर बाय फोर जीपला लो गिअर असतो. त्यात वेग कमी होतो, पण चाकाला मिळणारी ओढ साधारण अडीचपट होते. चिखलात आणि खड्या चढावर हाच कामाला येतो. अनेक ठिकाणी तो वापराविना गंजून अडकलेला असतो. नवं इंजिन घेण्याआधी तो चालू करून बघा.

चौथा प्रश्न: कागद काय म्हणतो?

आरसीवर इंजिनचा नंबर असतो. इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची परवानगी घ्यावी लागते आणि नवा नंबर नोंदवावा लागतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार बेकायदा बदलाला ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. हे मालकाला लागू होतं. म्हणजे गाडी ज्या ताईच्या नावावर, जबाबदारी तिची.  खासगी गाडीचं १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी पासिंग करावं लागतं, तिथेही अडचण येते. विमा कंपनीला न कळवता बदल केला असेल, तर अपघातानंतर दावा नाकारला जाऊ शकतो. जुन्या बाजारातलं इंजिन घेतलं तर पावती आणि ते कुठल्या गाडीचं होतं याचा कागद हवाच. चोरीचं निघालं तर?

पाचवा प्रश्न: पैसे परत येणार का?

डिझेलची टाकी पूर्ण भरा, किलोमीटर लिहा. आठवडाभर नेहमीसारखी गाडी वापरा, पुन्हा टाकी पूर्ण भरा. चाललेले किलोमीटर भागिले दुसऱ्यांदा भरलेलं डिझेल. हा तुमचा खरा ॲव्हरेज. आता गटात विचारा: नव्या इंजिनानं फेऱ्या वाढणार आहेत का? माल जास्त जाणार आहे का? की नुसतं अर्ध्या तासाचं काम वीस मिनिटांत होणार आहे? दहा मिनिटांसाठी गटानं किती वर्षं हप्ते फेडायचे?

इंजिन बदलूच नये, असं आम्ही म्हणत नाही. चेसिस गंजलेली नसेल, ब्रेक ठणठणीत असतील, जुन्या इंजिनाचं काम नव्यापेक्षा महाग पडत असेल किंवा सुटे भाग मिळत नसतील, तर त्याच कंपनीचं, त्याच इंधनावर चालणारं इंजिन परवानगी घेऊन जरूर बसवा. दुसऱ्या गॅरेजचंही मत घ्या.

आम्ही काय केलं? फिल्टर, नोझल, चारही ब्रेक आणि लो गिअर यांचं काम करून घेतलं. कर्ज काढलं नाही. गाडी वाऱ्यासारखी पळत नाही, पण माल भरून चढ चढते आणि उताराला थांबते. आपल्याला तेवढंच हवं होतं.

तुमच्याही गटात असा प्रश्न आला, तर हे पाच प्रश्न वहीत लिहा आणि महिन्याच्या बैठकीत वाचा. गाडी चालवणाऱ्या दादांनाही त्या दिवशी बोलवा. मागे बसणाऱ्या बायकांना मात्र आधी बोलू द्या.